फॉगचं बटण आणि सेल्फचं कुलूप : मंगळवार पेठेतल्या एका गाडीचं प्रकरण

गाडी २००९ सालची पेट्रोल हॅचबॅक, पाच गिअरची, चावीत चिप नसलेली. मालक कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतात. घराला पार्किंग नाही, त्यामुळे रात्रभर गाडी गल्लीत भिंतीला लागून उभी असते. चोरीच्या धास्तीने साधारण वर्षभरापूर्वी त्यांनी एका वायरिंगवाल्याकडून 'छुपं बटण' करून घेतलं होतं. बंपरमधले दोन्ही फॉग लॅम्प स्पीडब्रेकरला घासून कधीच फुटले होते आणि डॅशबोर्डवरचं त्यांचं कंपनीचं बटण रिकामंच पडलं होतं. त्या बटणातून पेट्रोल पंपाची वायर फिरवली होती. बटण आत दाबलेलं असेल तर पंप चालू, बाहेर असेल तर बंद. चोराने चावी फिरवली तरी इंजिन फार तर दोन-चार सेकंद फिरून थांबेल, असा हिशेब.

कल्पना चांगली होती. कंपनीचं बटण, कंपनीच्याच जागी, त्यावर फॉग लॅम्पचं चित्र; कोणाला शंका येण्याचं कारण नाही. डॅशच्या खाली चिकटवलेलं बाजारातलं टॉगल बटण चोर अंधारात हाताने चाचपूनही शोधतो. डोळ्यासमोर असलेल्या फॉगच्या बटणाकडे मात्र तो बघतही नाही. चुकलं ते बटणाच्या मागे.

तक्रार

"सपाटीला काही नाही बघा. पण पन्हाळ्याला जाताना वाघबीळच्या चढाला एसी लावून लागलं की धाप लागल्यासारखी करतीया, आणि एकदा तर बंदच पडली. दोन मिनिटं थांबलं की परत चालू," हे मालकांचे शब्द. ही तक्रार घेऊन गाडी दोन गॅरेज फिरून आली होती. प्लग बदलले, पेट्रोल फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ केले, थ्रॉटल बॉडी धुतली. दर वेळी चार दिवस बरी चालायची आणि पुन्हा तेच.

चढ, एसी आणि गरम झालेली गाडी या तिन्हींत एक धागा आहे. चढाला इंजिनला पेट्रोल जास्त लागतं. एसी लागला की कॉम्प्रेसरचा भार इंजिनवर येतो आणि तेवढं पेट्रोल आणखी लागतं. अर्धा तास चालल्यावर विजेचे सगळे जोड तापलेले असतात. मग थोडं थांबलं की कोणती गोष्ट थंड होऊन सुधारते, असा प्रश्न विचारायला हवा होता. फिल्टर दोन मिनिटांत सुधारत नाही. खराब झालेला विजेचा संपर्क सुधारतो.

मीटर काय सांगतो

मागच्या सीटखाली पेट्रोल पंपाचा कपलर (वायरींचा सुटा होणारा जोड) असतो. इंजिन चालू ठेवून तिथे पंपाच्या दोन टोकांवर मल्टिमीटरने व्होल्टेज मोजलं. बॅटरीवर १३.९ व्होल्ट आणि पंपावर १०.९. तीन व्होल्ट वाटेत हरवत होते. चांगल्या वायरिंगमध्ये हा फरक अर्ध्या व्होल्टच्या आसपास असतो.

हरवलेले व्होल्ट कुठे जातात ते शोधायची पद्धत सोपी आहे. मीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा आणि चालू सर्किटमध्ये संशयित तुकड्याच्या दोन्ही टोकांना प्रोब लावायचे. तुकडा चांगला असेल तर आकडा शून्याजवळ दिसतो. इथे फॉगच्या बटणाच्या दोन पिनांमध्येच २.१ व्होल्ट दिसले. पंपाचा करंट ५.२ अँपिअर होता. २.१ गुणिले ५.२ म्हणजे जवळपास ११ वॅट. साध्या सोल्डरिंग आयर्नची २५ वॅटची कांडी हातात धरवत नाही. तिच्या निम्म्याच्या आसपास उष्णता नखाएवढ्या पितळी पट्टीवर, बंद प्लास्टिकच्या डबीत, गाडी चालू असेपर्यंत सतत तयार होत होती.

उरलेले ०.९ व्होल्ट वायरीत होते. त्या कारागिराने दाराच्या उंबऱ्याजवळच्या मूळ वायरिंगपासून बटणापर्यंत आणि परत, अशी मिळून साधारण साडेचार मीटर वायर नेली होती आणि ती ०.५ चौरस मिलिमीटरची होती. तांब्याच्या एवढ्या वायरीचा रोध ०.१५ ओहमच्या पुढे जातो. ५.२ अँपिअरला तिथेच ०.८ व्होल्ट गेले. राहिलेला दशांश पिळून टेप मारलेल्या जोडांनी खाल्ला.

या वायरीत आणखी एक धोका होता आणि तो तक्रारीतून कधीच दिसला नसता. पंपाच्या लायनीला १५ अँपिअरचा फ्यूज आहे. तो कंपनीच्या जाड वायरीच्या हिशेबाने ठेवलेला असतो. त्याच फ्यूजच्या पुढे इतकी बारीक वायर जोडली आणि पुढे कधी ती गाडीच्या पत्र्याला घासून टेकली, तर फ्यूज जायच्या आधी वायरीचं आवरण वितळू शकतं. आणि ही वायर जात होती गालिच्याखालून.

बटण उघडल्यावर

बटण बाहेर काढून चिमट्याने त्याची मागची टोपी सोडवली. आतलं पांढरं प्लास्टिक दोन पिनांभोवती चहाच्या डागासारखं तपकिरी झालेलं. फिरत्या पट्टीचं टोक निळसर काळं पडलेलं, त्यावर बारीक खड्डे. पट्टी बोटाने दाबली तर परत उसळायला हवी, ती नुसती वाकून राहिली. उष्णतेने तिचा ताण गेला होता. ताण गेला की दाब कमी, दाब कमी झाला की रोध जास्त आणि रोध वाढला की पुन्हा उष्णता. हे चक्र एकदा सुरू झालं की संपर्क साफ करून, स्प्रे मारून काही उपयोग होत नाही. बटण टाकून द्यावंच लागतं.

यात बटणाचा दोष नाही. फॉग लॅम्पचा प्रवाह या बटणातून कंपनीनेही कधी नेला नव्हता. दोन फॉग मिळून आठ-नऊ अँपिअर सहज घेतात आणि ते काम बोनेटखालचा रिले करतो, म्हणजे कॉइलला मिळालेल्या छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. बटण त्या रिलेच्या कॉइलला फक्त सांगावा धाडतं, अवघ्या ०.१५ अँपिअरचा. बटणाची पट्टी तेवढ्यासाठीच घडवलेली असते. डॅशबोर्डवरचं कुठलंही बटण दुसऱ्या कामाला लावताना पहिला प्रश्न हाच हवा: मूळ कामात यातून किती करंट जात होता? नव्या कामात त्याहून बराच जास्त जाणार असेल तर मध्ये रिले हवाच.

पंप तोडायचाच कशाला

दुरुस्ती दोन तऱ्हेने होऊ शकत होती. पहिली, पंपाच्या लायनीतच रिले घालून तीच युक्ती नीट करायची. दुसरी, पंपाला हात न लावता सेल्फ, म्हणजे इंजिन चालू करणारी स्टार्टर मोटर, अडवायचा. इथे दुसरी निवडली आणि ती निवड ठामपणे योग्य आहे.

पंप तोडणारी कुठलीही जोडणी चालत्या गाडीला बंद पाडू शकते. रिलेची अर्थ (गाडीच्या पत्र्याला जाणारी मायनसची वायर) सुटली, बटणाला गुडघा लागला, कपलर ढिला झाला की इंजिन थांबलं. सपाट रस्त्यावर गाडी कडेला घेता येईल. गगनबावड्याच्या पुढे करूळ घाट उतरताना, धुक्यात आणि पावसात, वळणावर इंजिन थांबलं तर पॉवर स्टिअरिंग जड होतं, आणि ब्रेकच्या बूस्टरमध्ये साठलेली हवेची ओढ एक-दोन दाबांत संपते. त्यानंतर ब्रेक लागतो, पण सगळा जोर पायाने लावावा लागतो. घाबरलेल्या माणसाला ते सुचेलच असं नाही. सेल्फची लायन तोडलेली असेल तर त्या जोडणीत काहीही बिघडलं तरी गाडी फक्त उभ्या जागी चालू होणार नाही. चालती गाडी चालतीच राहील.

सेल्फ अडवण्याची कमकुवत बाजूही मालकांना आधीच स्पष्ट सांगितली. मॅन्युअल गिअरची आणि चिप नसलेली गाडी धक्का मारून चालू होते. क्रेनवर चढवून नेली तर कुठलंच बटण काही करू शकत नाही. म्हणून रात्री स्टिअरिंगला किंवा गिअरला लोखंडी लॉक लावायचं ठरलं. छुपं बटण चोराला गोंधळात टाकून वेळ खातं. लोखंडी लॉक दुरून दिसतं आणि चोराला पुढच्या गाडीकडे पाठवतं. दोन्ही एकमेकांची जागा घेत नाहीत.

कोणतं बटण घ्यायचं आणि कोणतं नाही

हॅझर्ड, हॉर्न आणि मुख्य दिव्यांचं बटण यांना कधीच हात लावू नये. मागच्या काचेच्या डीफॉगरचं बटण अनेक जण सुचवतात, पण कोल्हापूरच्या पावसाळ्यात ते खरोखर लागतं. शिवाय बऱ्याच गाड्यांत ते दाबून सोडायचं असतं आणि वेळ मोजण्याचं काम दुसरीकडे होतं, त्यामुळे दाबलेलं राहत नाही. हेडलाइट वर-खाली करायची चकती ही बटण नव्हेच, तो कमी-जास्त होणारा रोध आहे. नव्या गाड्यांत डॅशची बटणं बॉडी कंट्रोल मॉड्यूलला (दिवे वगैरे सांभाळणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला) इशारा देतात आणि त्यांच्या मागे बारा व्होल्ट थेट येत नाहीत. तिथे वायर टोचली तर दोष कोड येतो, कधी मॉड्यूलही जातं. अशा गाडीत हा उद्योग करू नये.

जुन्या गाडीतलं, आत-बाहेर बसणारं, रिले चालवणारं आणि ज्याचं मूळ काम संपलेलं आहे असं बटण हवं. इथलं फॉगचं बटण चारही कसोट्यांना उतरत होतं. त्यात एक गोष्ट आपसूक मिळाली, आणि या प्रकरणातला सगळ्यात चांगला भाग तोच आहे.

पुढच्या फॉगच्या बटणाला या गाडीत चावीतून वीज येत नाही. ती पार्किंग लाइटच्या सर्किटमधून येते. पार्किंग लाइट लावल्याशिवाय फॉग लागत नाही, अशी कंपनीचीच रचना आहे. अनेक कारागीर ही अडचण समजतात आणि बटणाला चावीतून नवी वायर देतात. इथे तसं केलं नाही. पार्किंग लाइट लावायची, फॉगचं बटण आत दाबायचं, मग चावी फिरवायची. दोन्ही एकत्र असतील तेव्हाच सेल्फ लागेल. चोराला एक सोडून दोन गोष्टी माहीत हव्यात. शिवाय गाडी बंद करून उतरताना माणूस पार्किंग लाइट बंद करतोच, म्हणजे फॉगचं बटण बाहेर काढायला विसरला तरी कुलूप आपोआप लागतं.

पार्किंग लाइट बॅटरीवरून थेट चालते हाही मोठा फायदा आहे. सेल्फ मारताना चावी ॲक्सेसरीच्या लायनी तोडते, म्हणून तर त्या क्षणी गाण्यांचा टेप बंद पडतो. रिलेची कॉइल अशा लायनीवर असेल तर सेल्फ लागायच्या क्षणीच रिले सुटतो आणि चावी धरून ठेवली तरी सेल्फ लागत नाही. पार्किंगची लायन तेव्हाही जिवंत असते.

सामान

कंपनीचं तसंच बटण जुन्या स्पेअरच्या दुकानातून, कपलर आणि मागच्या वीतभर वायरींसकट घेतलं. जुनं घेताना दुकानातच वीसेक वेळा दाबून पाहावं आणि दर वेळी मीटरने दोन पिनांतला रोध तपासावा. आकडा ०.२ ओहमच्या वर जात असेल किंवा दर वेळी वेगळा येत असेल तर दुसरं घ्यावं. मीटरच्या वायरींचाही स्वतःचा रोध असतो, म्हणून आधी प्रोब एकमेकांना लावून तो वजा करावा.

बाकीचं सामान थोडकं. १२ व्होल्ट ४० अँपिअरचा पाच पिनांचा एक रिले, त्याचा होल्डर पट्टीसकट, २ अँपिअरचा ब्लेड फ्यूज आणि वायरीत बसणारा होल्डर, ०.५ चौरस मिलिमीटरची काळी वायर ३ मीटर, १.५ चौरस मिलिमीटरची २ मीटर. आतून गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) आणि क्रिंप करायचे (पक्कडीने दाबून बसवायचे) सरळ जोड आठ. ६ मिलिमीटर बोल्टचं एक थिंबल (वायरीला लावायचं धातूचं टोक). कापडी हार्नेस टेप एक गुंडाळी. या कामाच्या करंटला छोटा सीलबंद रिलेही चालतो, पण साधा चौकोनी रिले कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतो आणि अडचणीत कोणीही बदलू शकतो. म्हणून तोच बरा.

रिले कॉइलला समांतर रोध असलेला घ्यावा. कॉइल बंद होताना उलट व्होल्टेजची उसळी येते, ती हा रोध खातो. रिलेच्या पिनांना आकडे असतात: ८५ आणि ८६ कॉइलच्या, ३० आणि ८७ संपर्काच्या. आत डायोड असलेला रिले घेतला तर ८६ ला प्लस आणि ८५ ला अर्थ हेच धरावं. उलट जोडलं तर बटण दाबताक्षणी फ्यूज जातो.

काम

बॅटरीची मायनस केबल १० नंबरच्या पान्याने सोडवून बाजूला बांधली. स्टिअरिंगखालचा पॅनेल काढून जुन्या कारागिराची सगळी वायर आधी मोकळी केली. उंबऱ्याजवळ त्याने पंपाची मूळ वायर तोडली होती. ते जोड ओलसर गालिच्यात राहून हिरवे पडले होते. हिरवा भाग मागे चकाकतं तांबं लागेपर्यंत कापला. त्यामुळे वायर अपुरी पडली, म्हणून १.५ चौरस मिलिमीटरचा तुकडा मध्ये घालून दोन्ही टोकं क्रिंप केली, गोंदाची हीट श्रिंक चढवली आणि जोड जमिनीवरून उचलून उंबऱ्याच्या वरच्या अंगाला बांधला. बाकी काही करण्याआधी बॅटरी जोडून पंपावर पुन्हा मोजलं: १३.५ व्होल्ट. मूळ तक्रार इथेच मिटली.

मग बटण. मागे सहा पिना होत्या. वायरीच्या रंगावरून अंदाज बांधू नये. कंपनीगणिक आणि सालागणिक रंग बदलतात. बटण सुटं असताना मीटर बझरवर ठेवून ज्या दोन पिना फक्त दाबल्यावर वाजतात त्या संपर्काच्या. इतर पिनांवर बटणातले दिवे असतात. बल्ब दोन्ही बाजूंनी रोध दाखवतो, एलईडी डायोडच्या सेटिंगवर एकाच बाजूने. जुन्या कारागिराने संपर्काच्या दोन्ही वायरी कपलरच्या अगदी मुळाशी कापल्या होत्या, म्हणून जुन्या स्पेअरमधला कपलर त्याच्या वायरींसकट जोडला. यानंतर त्या कपलरवर वीज तपासली. पार्किंग लाइट लावल्यावर एका पिनेवर १२ व्होल्ट आले, लाइट बंद केल्यावर शून्य, चावीचा काही संबंध नाही. ती आत येणारी. संपर्काची दुसरी पिन फॉगच्या रिलेकडे जाणारी.

बोनेटखालचा फॉगचा रिले काढून ठेवला. बाहेर जाणाऱ्या वायरीला कपलरपासून १५ सेंटिमीटर मागे नवी काळी वायर जोडली. मुद्दाम इतकी मागे: कोणी बटण उपसून पाहिलं तर समोर फक्त कंपनीची वायरिंग दिसते, आणि बटण काढताना-घालताना जोडावर ताण येत नाही. जोडापासून हातभर अंतराच्या आत २ अँपिअरचा फ्यूज घातला. तिथून वायर रिलेच्या ८६ ला, ८५ वरून अर्थ.

सेल्फची वायर शोधताना गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला हवा. चावीच्या स्विचमागच्या जाड कपलरवर प्रोब लावला आणि जी वायर चावी शेवटच्या ठेप्याला धरल्यावरच १२ व्होल्ट दाखवते, सोडल्यावर शून्य, ती घेतली. तोडण्याआधी आणखी एक तपासणी हवी. या गाडीत बोनेटखाली सेल्फचा वेगळा रिले आहे, म्हणून त्या वायरीतून फक्त त्याच्या कॉइलचा करंट जातो. मोजला तर ०.१६ अँपिअर निघाला. काही जुन्या गाड्यांत ही वायर थेट सेल्फच्या सोलेनॉइडला (सेल्फवरच्या विद्युतचुंबकाला) जाते आणि तिथे करंट कित्येक पट असतो. मीटर त्यात घातला तर मीटरचा फ्यूज जातो, म्हणून तशा गाडीत क्लॅम्प मीटर (वायर न तोडता बाहेरून करंट मोजणारा) वापरावा आणि नवी वायर मूळ वायरीपेक्षा बारीक कधीच घेऊ नये. वायर तोडून चावीकडचं टोक ३० ला, सेल्फकडचं ८७ ला दिलं. ८७अ रिकामी ठेवून तिच्यावर टेप मारली.

ज्या गाडीत एअरबॅग आहे तिथे स्टिअरिंगखाली पिवळे कपलर किंवा पिवळ्या आवरणाची वायरिंग दिसते. त्यावर मीटरही लावू नये आणि तिच्याजवळ जोडही करू नये.

रिलेची जागा ठरवताना २०१९ आणि २०२१ चा पूर डोळ्यासमोर ठेवला. पंचगंगेचं पाणी गल्ल्यांत शिरलं तेव्हा अनेक गाड्यांच्या आत जमिनीपर्यंत पाणी आलं. सीटखाली किंवा पायाजवळ बसवलेला रिले अशा वेळी पहिला जातो. इथे तो डॅशच्या आतल्या लोखंडी आडव्या पट्टीवर, गुडघ्याच्या उंचीच्या वर, पिना खाली करून बसवला. स्टिअरिंगचा दांडा पूर्ण फिरवून आणि तिन्ही पेडल पूर्ण दाबून वायर कुठे अडकत नाही ना हे बघितलं. वायरीला कापडी टेप, मूळ हार्नेससारखीच गुंडाळलेली. चकचकीत प्लास्टिक टेप उन्हाळ्यात चिकट होऊन सुटते आणि 'इथे कोणी तरी काम केलंय' हे दुरून सांगते.

पहिल्या चाचणीतली चूक

पार्किंग लावून, बटण दाबून चावी फिरवली तर सेल्फ एकदा लागला, दुसऱ्यांदा नुसतं टकटक. लायन बरोबर होती. दोष अर्थमध्ये निघाला. थिंबल आडव्या पट्टीच्या एका स्क्रूखाली कसलं होतं आणि ती पट्टी रंगवलेली होती. सेल्फ मारताना बॅटरी ९.९ व्होल्टवर उतरते. साधा १२ व्होल्टचा रिले आठ व्होल्टच्या आत ओढला जातो आणि एकदा ओढल्यावर त्याहून बऱ्याच कमी व्होल्टेजवर धरून राहतो, म्हणजे ९.९ पुरेसे होते. पण रंगावरून जाणारी अर्थ कधी लागत होती, कधी सुटत होती. थिंबल तिथून काढून पायाजवळच्या खांबावर, कंपनीच्या अर्थ बोल्टवर कसलं. त्यानंतर सलग पंधरा वेळा सेल्फ मारला, एकदाही टकटक नाही.

चार जोड्या तपासल्या: दोन्ही बंद, फक्त पार्किंग, फक्त बटण, दोन्ही चालू. सेल्फ फक्त चौथ्या जोडीला लागला. मग इंजिन चालू ठेवून बटण बाहेर काढलं, पार्किंग बंद केली, शेवटी रिलेच उपसला. इंजिनवर काहीही परिणाम नाही. ही शेवटची तपासणी टाळू नये, कारण सेल्फ समजून चुकीची वायर तोडली असेल तर ती इथेच कळते. उभ्या गाडीत बॅटरीतून जाणारा करंट कामाआधी १८ मिलिअँपिअर होता, नंतरही तेवढाच. शेवटी एसी लावून वाघबीळचा चढ, पंपावर १३.३ व्होल्टच्या खाली आकडा आला नाही.

माणसांची बाजू

तीन आठवड्यांनी मालकांचा मुलगा रंकाळ्यावर गाडी घेऊन गेला आणि सेल्फ लागेना म्हणून टोइंगला फोन करून बसला. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. छुप्या जोडणीत हे हमखास होतं, म्हणून गाडी चालवणाऱ्या घरच्या प्रत्येकाने समोर एकदा स्वतः चालू करून दाखवावी. सर्व्हिसिंगला देताना मिस्त्रींना सांगावं, नाहीतर ते सेल्फ खोलून ठेवतात. वायरिंगचा कागद घरी ठेवावा, ग्लव्ह बॉक्समध्ये नाही. रिले कधी गेलाच तर तो उपसून होल्डरच्या ३० आणि ८७ मध्ये वायरीचा छोटा तुकडा घातला की गाडी घरी येते. तसा तुकडा, दोन्ही टोकांना थिंबल लावून, मालकांना दिला.

रात्रीची एक सवय लावावी लागते. रात्री हेडलाइट लावताना पार्किंग लागतेच, त्यामुळे फॉगचं बटण आत राहिलं असेल तर दोन अटींपैकी एकच उरते. गाडी चालू झाल्यावर बटण लगेच बाहेर काढायचं. ते दाबलेलं असताना त्यातला छोटा दिवा पेटतो, तीच आठवण.

कागदपत्रांचंही बोलणं झालं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं. इथे इंजिन, सांगाडा, आसनं, रंग यातलं काहीच बदललेलं नाही आणि सक्तीचा कुठलाही दिवा काढलेला नाही. तरी विमा कंपनीला लेखी कळवलेलं बरं. विम्यातली चोरीरोधक उपकरणाची सूट एआरएआयने (वाहनांची तपासणी करणाऱ्या संस्थेने) मान्य केलेल्या उपकरणालाच मिळते, अशा घरगुती जोडणीला नाही. वॉरंटीतल्या गाडीत मूळ वायर तोडली तर विजेच्या कामाचा दावा नाकारला जाऊ शकतो. गाडी विकताना जोडणी काढून सेल्फची वायर पूर्ववत जोडून द्यावी किंवा घेणाऱ्याला समोर बसवून सगळं दाखवावं.

मालकांनी शेवटी विचारलं, पुढे बंपरला नवे फॉग लॅम्प बसवले तर हे सगळं उपसायचं का? गरज नाही. काढून ठेवलेला फॉगचा रिले बोनेटखाली परत बसवायचा. बटण मग दोन कॉइलना एकत्र सांगावा देईल, ०.१५ अधिक ०.१५ अँपिअर, आणि तेवढं त्याची पट्टी सहज पेलते. गाडी चालू करताना क्षणभर फॉग लागतील, सेल्फ लागेल आणि बटण बाहेर काढलं की फॉग विझतील.